फ्रिज किती अँपिअर घेतो?

श्रोतेहो, नमस्कार. घरचं मीटर महिन्याचे एकूण युनिट सांगतं. त्यातले फ्रिजचे किती, हे त्याला विचारून उपयोग नाही. त्यासाठी वीजप्रवाह मोजणारे छोटे सेन्सर मिळतात.

त्यातला एक म्हणजे एसीएस-७१२ ही चिप. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर ती चालते; म्हणजे वायरभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रावरून ती प्रवाह ओळखते. पण ती बसवायला वायर तोडावी लागते, आणि मग २३० व्होल्ट त्या इवल्याशा बोर्डाच्या उघड्या स्क्रूंवर येतात. जवळ ट्रान्सफॉर्मर किंवा स्पीकरचं चुंबक असलं तर रीडिंगही भरकटतं. घरातल्या कामाला ती नकोच.

त्यापेक्षा वायरभोवती चिमट्यासारखा बसणारा करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सीटी, घ्या. एससीटी-०१३ हा प्रकार सहज मिळतो. त्याच्या १०० अँपिअरच्या मॉडेलमध्ये २००० वेढ्यांची गुंडाळी असते. १०० अँपिअरला ५० मिलीअँपिअर बाहेर येतात.

नवशिक्याची ठरलेली चूक म्हणजे फ्रिजची अख्खी केबल चिमट्यात धरणं. फेज आणि न्यूट्रलमधला प्रवाह उलटसुलट असतो, दोघांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना मारतात आणि रीडिंग शून्याच्या आसपास येतं. म्हणून दीड एमएमच्या तीन सुट्या वायरींचा एक्स्टेन्शन बोर्ड करून घ्या. चिमट्यात जाईल ती फक्त फेजची वायर. जोडणी प्लग काढूनच करायची आणि सगळं बंद डब्यात ठेवायचं. गीझरला हा बोर्ड लावू नका, त्याला जाड वायर लागते.

आता हिशेब ऐका. चालू फ्रिज साधारण ०.६ अँपिअर घेतो असं धरू. सीटीतून निघतात ०.३ मिलीअँपिअर; सीटीच्या दोन टोकांमध्ये जोडलेल्या ३३ ओहमच्या रेझिस्टरवर त्याचे जेमतेम १० मिलीव्होल्ट होतात. हे व्होल्टेज वाचायला आपण आर्डुइनो उनो हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड वापरतो. त्याला ओळखता येणारी सगळ्यात लहान पायरीच जवळपास ५ मिलीव्होल्टची, मग मोजणार काय? उपाय सोपा आहे: फेजची वायर चिमट्यातून पाच वेळा फिरवा. रीडिंग पाचपट मिळतं, ते नंतर पाचाने भागायचं. मोजण्याची कमाल मर्यादा मात्र २० अँपिअरवर येते.

सीटीचा सिग्नल उणे बाजूलाही जातो आणि उनोला उणे व्होल्टेज वाचता येत नाही. म्हणून १० किलोओहमचे दोन रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून तो अडीच व्होल्टवर उचलून धरायचा. आणि हे कटाक्षाने पाळा: ३३ ओहमचा रेझिस्टर जोडल्याशिवाय सीटी चालू वायरवर ठेवू नका. उघड्या टोकांवर धोकादायक व्होल्टेज चढू शकतं. काही मॉडेलमध्ये आत संरक्षण असतं, त्याच्या भरवशावर राहू नका.

रीडिंग नेहमीच कमी येतंय? चिमट्याचे जबडे पाहा. फेराइटच्या दोन तोंडांमध्ये धुळीचा कण अडकला तरी फट राहते. कोरड्या कापडाने पुसा आणि टक आवाज येईपर्यंत दाबा. मग त्याच सुट्या वायरवर क्लॅम्प मीटर धरून आकडा ताडून बघा.

नुसत्या अँपिअरला २३० ने गुणून वॅट मिळत नाहीत. जुन्या धाटणीच्या कॉम्प्रेसरचा पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर यातला खरोखर वापरला जाणारा हिस्सा, एकपेक्षा बराच कमी असतो, त्यामुळे उत्तर फुगतं. खरे युनिट हवे असतील तर व्होल्टेजही त्याच वेळी मोजावं लागतं. पण कॉम्प्रेसर किती वेळ चालतो नि किती वेळ थांबतो, एवढं कळायला सीटी पुरतो. दिवसभराच्या नोंदीत तो थांबलेलाच दिसला नाही, तर आधी दाराचं रबर तपासा. इन्व्हर्टर फ्रिजला मात्र हा नियम लावू नका. तो कमी वेगाने तासन्‌तास चालतो.