उजेड कुठे अडतो : जुन्या मोटारीच्या दिव्यांचे निदान

(दृश्य : संध्याकाळ. गॅरेजच्या दारात फियाट ११००, पुढचे दिवे लावलेले.)

नाशिकच्या द्वारका परिसरातील या गॅरेजमध्ये उभी असलेली फियाट ११०० कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेली आहे. मालकांच्या तक्रारी तीन आहेत. पुढचे दिवे पिवळट आणि मंद लागतात, डावा इंडिकेटर दिला की मागचे लाल दिवे लुकलुकतात, आणि पाऊस लागला की पार्किंग लाइटचा फ्यूज जातो. रात्री कसारा घाट उतरताना पुढच्या ट्रकच्या मागे मागे राहावे लागते, असे ते सांगतात. याआधी बल्ब बदलून झाले, बॅटरी नवी बसली, इंडिकेटर लुकलुकवणारा फ्लॅशरही नवा आला. पैसे गेले आणि दोष जिथे होता तिथेच राहिला.

गाडीच्या दिव्याला वीज एका वायरने मिळते. बॅटरीतून निघालेला करंट स्विच आणि फ्यूज यांतून बल्बपर्यंत येतो आणि परतीचा प्रवास मात्र गाडीच्या पत्र्यातून करतो. या परतीच्या वाटेलाच गॅरेजमध्ये अर्थिंग म्हणतात. तिला बहुतांशी स्वतंत्र वायर नसल्यामुळे ती डोळ्यांना दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून तपासलीही जात नाही. पन्नास वर्षांच्या गाडीत दिव्यांचे निम्मे दुखणे याच वाटेवर सापडते, असा इथल्या वायरमनचा अनुभव आहे.

(दृश्य : वायरमन हेडलाइटचा बल्ब काढून होल्डरमध्ये मल्टिमीटरच्या पिना लावतात.)

बल्ब काढला, होल्डरमध्ये मीटर लावला, तर आकडा पूर्ण दिसतो : १२.४ व्होल्ट. पुष्कळ जण इथे फसतात. मीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे वाटेतला जोड कितीही सैल असला, वायरीच्या सगळ्या तारा तुटून एकच उरलेली असली, तरी मीटरला त्याचा पत्ता लागत नाही. अडथळा उघडा पडतो तो करंट वाहू लागल्यावर. म्हणून बल्ब पुन्हा बसवून, दिवा पेटलेला ठेवून, त्याच्या दोन टोकांवरचे व्होल्टेज मोजायचे असते. थेट अडथळा ओहममध्ये मोजून हे काम होत नाही, कारण इथे पाव ओहमचाही अडथळा पुष्कळ असतो आणि साधा मीटर इतक्या लहान आकड्याला भरवशाचा नसतो.

दिवा पेटलेला असताना बॅटरीवर १२.२ व्होल्ट आहेत आणि बल्बवर १०.३. म्हणजे १.९ व्होल्ट वाटेतच संपले. हा आकडा वाटतो त्यापेक्षा फार गंभीर आहे. फिलामेंटच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात उतरत नाही, तर साधारण ३.४ व्या घाताने उतरतो; व्होल्टेज दहा टक्के कमी झाले, तर उजेड सुमारे तीस टक्के जातो. या हिशेबाने या गाडीचा चाळीस टक्क्यांहून अधिक उजेड रस्त्यावर पोहोचतच नव्हता, आणि बल्ब नवा असल्याने त्यात काही फरक पडणार नव्हता.

आता हे १.९ व्होल्ट नेमके कुठे गेले, ते शोधायचे. मीटरची एक पीन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर आणि दुसरी बल्बच्या अर्थच्या टोकावर ठेवली, तर खरे म्हणजे जवळपास शून्य यायला हवे, ०.२ पर्यंत चालवून घेता येते. इथे पूर्ण १.० आले. दिव्याच्या वाटीजवळ, म्हणजे उजेड पुढे फेकणाऱ्या चकचकीत कवचाजवळ, मडगार्डच्या पत्र्याला स्क्रूने आवळलेला अर्थचा लग, म्हणजे वायरीच्या टोकाचे धातूचे कडे, काढून पाहिल्यावर कारण दिसले. गाडीचे डेंटिंग-पेंटिंग नीट, मन लावून झाले होते, आणि त्यात लगाच्या खालच्या पत्र्यावरही रंगाचा सुरेख थर बसला होता. नव्याने रंगवलेल्या जुन्या गाड्यांचे दिवे रंगकामानंतर बिघडतात, ते यामुळे. रंगाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

लगाखालचा रंग पत्रा चकचकीत होईपर्यंत खरवडला, खाचांचा वॉशर घालून स्क्रू आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. अर्थकडची तूट ०.१ वर आली. दुसऱ्या बाजूची, म्हणजे बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून बल्बपर्यंतची तूट मात्र ०.९ होती, ती १.० झाली. हे पाहून नवखा माणूस गोंधळतो. प्रत्यक्षात एक अडथळा निघाल्याने करंट वाढला आणि वाढलेल्या करंटला दुसरा अडथळा अधिक जाणवू लागला, इतकेच. त्यातले ०.६ व्होल्ट एकट्या लाइटच्या स्विचमध्ये जात होते. त्या काळी हेडलाइटचा सगळा करंट स्विचच्या छोट्या पितळी पट्ट्यांतूनच नेत असत, आणि पन्नास वर्षे ठिणग्या खाल्लेल्या पट्ट्यांकडून यापेक्षा जास्त अपेक्षा करता येत नाही.

(दृश्य : डिकी उघडी. मागच्या दिव्याची लाल काच काढलेली.)

मागच्या दिव्यांचे कोडे मात्र पाहण्यासारखे आहे. डाव्या दिव्याच्या घरात इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब आणि पार्किंगचा ५ वॉटचा फिलामेंट शेजारी शेजारी असून दोघांचे अर्थिंग एकच आहे. ते अर्थिंग तुटले, की इंडिकेटरच्या बल्बमधून आलेल्या करंटला पत्र्याकडे जायला वाट राहत नाही. मग तो ५ वॉटच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो, पार्किंगच्या वायरीने उजव्या बाजूला जातो आणि तिकडच्या दिव्याच्या चांगल्या अर्थिंगमधून परततो. ५ वॉटच्या फिलामेंटचा रोध २१ वॉटच्या फिलामेंटपेक्षा चौपट असल्यामुळे जवळजवळ सगळे व्होल्टेज लाल दिव्यांवर पडते. ते मंद लुकलुकतात आणि ज्याने पेटायचे तो इंडिकेटर विझलेलाच दिसतो. फ्लॅशर बदलून काही उपयोग झाला नाही तो यामुळे. जुना थर्मल फ्लॅशर करंटच्या उष्णतेवर चालतो. करंट कमी मिळाला की त्याचा ठेका बिघडतो, आणि दोष त्याच्या माथी बसतो.

पडताळा अगदी सोपा आहे. बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक लांब वायर आणून दिव्याच्या पितळी होल्डरला टेकवली, की डावा इंडिकेटर खणखणीत पेटला आणि लाल दिवे शांत झाले. होल्डरवर हिरवट थर होता. भांडी बाजारातल्या न घासलेल्या पितळी भांड्यावर कळंक चढतो, तोच हा. काचेखालचे रबर कडक होऊन चिरलेले असल्याने इगतपुरी-त्र्यंबककडच्या पावसाचे पाणी दर वर्षी आत येत होते, आणि खालचे निचऱ्याचे छिद्र मातीने बुजले होते.

फ्यूज जाण्याचा शोध वेगळ्या रीतीने घ्यावा लागतो, कारण प्रत्येक प्रयत्नाला एक फ्यूज खर्च होतो. हा कंटाळा आला, की लोक चंदेरी कागद गुंडाळून फ्यूज पक्का करतात. असल्या पक्क्या फ्यूजने वायरिंग जळते, आणि क्वचित गाडीही. फियाटमधल्या चिनी मातीच्या फ्यूजमध्ये पांढरा ८ अँपिअरचा आणि लाल १६ अँपिअरचा असतो, तेव्हा पांढऱ्याच्या जागी लाल घालणे हेही त्याच वाटेवरचे पाऊल आहे. वायरमनने इथे पार्किंगचे सगळे बल्ब काढले आणि फ्यूजच्या जागी २१ वॉटचा एक बल्ब जोडला. वायर कुठे पत्र्याला लागलेली असेल, तर हा बल्ब पेटून राहतो, करंट पावणेदोन अँपिअरच्या आसपास रोखला जातो आणि काहीही जळत नाही. मग पाण्याची फवारणी करत, वायरिंगचा जुडगा हाताने हलवत पुढे सरकायचे. डिकीत, जिथे वायरी पत्र्याच्या छिद्रातून मागे जातात, तिथे हात लागताच बल्ब पेटला. छिद्राची धार झाकणारे रबरी कडे, ग्रोमेट, गळून गेले होते आणि पत्र्याच्या धारेने वायरीचे आवरण कापले होते. कोरड्या दिवसांत तार आणि पत्रा यांत केसाएवढे अंतर उरत होते, ओलाव्यात तेही जात होते.

एक गोष्ट दोष म्हणून धरू नये. इंजिनवर फिरून वीज देणाऱ्या जुन्या डायनॅमोच्या गाडीत इंजिन मंद चालत असताना दिवे थोडे उतरतात आणि ॲक्सिलरेटर दिल्यावर चढतात, कारण कमी फेऱ्यांवर डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही आणि सगळा भार बॅटरीवर असतो. मात्र वेगात चालताना बॅटरीवर पंधरा व्होल्टच्या वर आकडा जात असेल आणि बल्ब वरचेवर जात असतील, तर डायनॅमोचे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर तपासायला हवा.

(दृश्य : पुढच्या दिव्यांजवळ रिले बसवले जात आहेत.)

लाइटच्या स्विचवरचा भार कमी करण्यासाठी दोन रिले, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारे स्विच, बसवले. बॅटरीपासून स्वतःचा फ्यूज असलेली जाड वायर रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकाला, ८७ वरून थेट दिव्याकडे, आणि जुन्या स्विचची वायर ८६ ला. ८५ चे टोक अर्थला. आता स्विचमधून जातो तो फक्त रिलेच्या कॉइलचा करंट, पाव अँपिअरहून कमी. बल्बपर्यंतची एकूण तूट ०.३ व्होल्टवर आली.

“काका, आता शंभर वॉटचे बल्ब टाकले तर?” मालकांनी विचारले.

“नका टाकू,” वायरमन म्हणाले. “उजव्या दिव्याची वाटी आतून काळी पडलीय. तिला चांदीचा मुलामा करून आणा, नाहीतर दुसरी शोधा. काळ्या वाटीत शंभर वॉट घातले, तर नुसती वाटी तापेल.”