लाइन आली की डीपी का जळते?

(अमळनेर येथील व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, रावेर-यावलच्या केळीवाल्यांना हे नव्यानं सांगायला नको. रात्री लाइन येते, शिवारातल्या सगळ्या मोटारी ऑटोस्विचवर एकदम उठतात आणि डीपी, म्हणजे शिवाराला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, जळते. एरवी तीच डीपी तेवढ्याच मोटारी ओढत असते. पण मोटार उठताना पाच-सहा पट करंट घेते, आणि सगळ्या एकाच क्षणी उठल्या की डीपीचा निभाव लागत नाही.

मोबाइलच्या जाळ्याचंही असंच होतं. आपलं बोलणं, व्हिडिओ हा झाला चालता भार. त्याशिवाय फोन कंपनीच्या यंत्रणेला सतत कळवत असतो: मी इथं आहे, मला कॉल आला तर इकडे पाठवा. हे सिग्नलिंग. भुसावळकडे येणारी भरलेली गाडी टॉवरांच्या एका पट्ट्यातून दुसऱ्यात शिरली, की शेकडो खिशांतले फोन जवळजवळ एकदमच नवा ठावठिकाणा नोंदवतात. डब्यात कुणीही बोलत नसलं तरी.

जपानमध्ये 2 जुलै 2022 ला केडीडीआय कंपनीनं देखभालीसाठी एक राउटर बदलला. कॉल जेमतेम पंधरा मिनिटं अडले. पण तेवढ्यात नोंदणी अडकलेले फोन पुन्हापुन्हा दार ठोठावू लागले, यंत्रणा गुदमरली, आणि कोट्यवधी ग्राहकांची सेवा साठ तासांहून जास्त विस्कळीत राहिली. आणीबाणीचे कॉलसुद्धा लागेनात. बिघाड पंधरा मिनिटांचा होता. बाकी सगळी ती झुंबड. अशी झुंबड टाळायला गर्दी झाली की जाळं फोनला ‘थोड्या वेळानं ये’ सांगतं, आणि प्रत्येकाला वेगळी वेळ देतं. ऑटोस्विचला वेगवेगळा टायमर लावावा, तसंच.

ही गर्दी झाली. मला जास्त काळजी आहे ती आत शिरणाऱ्या लबाडाची.

कंपन्या आपसांत ज्या भाषेत बोलतात, ती एसएस7 नावाची पद्धत 1980 च्या सुमाराची. तेव्हा कंपन्या मोजक्याच होत्या, एकमेकींना ओळखत होत्या. म्हणून ‘हा ग्राहक आता माझ्याकडे आहे, त्याचे मेसेज इकडे पाठवा’ असं कुणी म्हटलं की समोरचा ऐकतो. विचारणारा खरा कोण, हे तपासायची सोयच मुळात ठेवली नव्हती. 2014 मध्ये हॅम्बुर्गच्या परिषदेत कार्स्टन नोल आणि टोबियास एंगेल या सुरक्षा-संशोधकांनी ही फट जगाला दाखवली. 2017 मध्ये जर्मनीत चोरांनी आधी लोकांचे बँकेचे पासवर्ड मिळवले, मग याच वाटेनं ओटीपी स्वतःकडे वळवून खाती रिकामी केली. त्या ग्राहकांनी ओटीपी कुणालाही सांगितला नव्हता! आपण मात्र फसलेल्या माणसाला पहिला प्रश्न तोच विचारतो. मला हे फार लागतं.

याला आडकाठी घालता येते. दहा मिनिटांपूर्वी अमळनेरला असलेला फोन आता परदेशात कसा, एवढं तपासणारी चाळणी कंपनीला आपल्या जाळ्याच्या सीमेवर बसवता येते. ती बसवली आहे का, हे आपल्या कंपनीला लेखी विचारा. आणि बँकेला विचारा, ओटीपी एसएमएसशिवाय दुसऱ्या वाटेनं मिळेल का.