शेळीच्या कातडीतलं वेळापत्रक

श्रोतेहो, नमस्कार. सांगोला, मंगळवेढा, करमाळा या भागात घरटी दोन-चार शेळ्या असतातच. त्यामुळे एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो : "पश्मिना शेळी आपल्याकडं आणली तर? लोकरीला एवढा भाव आहे म्हणतात." आज त्याचंच उत्तर द्यायचं आहे.

शेळीच्या कुशीवरचे केस बोटांनी बाजूला सारून बघा. वर दिसतात ते राठ, जाड केस. ते कातडीतल्या प्राथमिक कूपांतून येतात. कूप म्हणजे केस जिथून उगवतो तो कातडीतला बारीक खड्डा. हे कूप बहुधा तीन-तीनच्या गटात असतात आणि प्रत्येकाला घामाची ग्रंथी व केस ताठ करणारा बारीक स्नायू असतो. त्यांच्या शेजारी लहान दुय्यम कूप असतात, त्यांना ना घामाची ग्रंथी, ना स्नायू. पश्मिना, म्हणजे राठ केसांखालची मऊ लव, येते ती यांच्यातून. लडाखच्या चांगथांगी शेळीची ही लव साधारण १२ ते १५ मायक्रॉन जाडीची असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास धरा. आपल्याकडच्या शेळ्यांतही दुय्यम कूप असतात, पण त्यांची लव तोकडी आणि विरळ राहते.

ही लव बारा महिने वाढत नाही. २१ जूननंतर दिवस लहान होऊ लागतो आणि रात्र वाढते. रात्री मेंदूतली पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडते. रात्र लांबली की ते जास्त वेळ रक्तात राहतं आणि दुय्यम कूप जागे होतात. डिसेंबरपर्यंत लव वाढते, मग कूप आकसतात आणि विश्रांती घेतात. उन्हाळ्याच्या तोंडाला लव सुटी होते, तेव्हा चांगपा पशुपालक ती फणीनं विंचरून काढतात.

मला या विषयाचं खरं वेड लावलं ते पुढच्या गोष्टीनं. शास्त्रज्ञ एकाच शेळीच्या कुशीतून वेगवेगळ्या महिन्यांत कातडीचा कणभर तुकडा घेतात आणि त्यातला आरएनए तपासतात. जनुक कामाला लागलं की पेशी त्याची नक्कल काढते, ती नक्कल म्हणजे हा आरएनए. म्हणजे कोणत्या महिन्यात कोणतं जनुक चालू होतं, हे कळतं. वाढीच्या काळात डब्ल्यूएनटी कुळातली जनुकं आणि केराटिन, म्हणजे केसाचं प्रथिन, बनवणारी जनुकं जोरात असतात. बीएमपी कुळातली जनुकं कूपाला विश्रांतीत धरून ठेवतात. एफजीएफ-५ हे तर वाढ थांबवणारं जनुक. चीनमध्ये शानबेई जातीच्या शेळ्यांत ते मोडून बघितलं, तेव्हा लव जास्त लांब वाढली. उंदरांत हेच जनुक बिघडलं की अंगावर लांब केस येतात, हे १९९४ पासून माहीत आहे.

म्हणजे पश्मिना शेळीत आणि आपल्या शेळीत जनुकं तीच. फरक पडतो तो ती कधी चालू होतात, किती वेळ चालतात आणि त्या जातीत दुय्यम कूप किती आहेत यानं. आता सोलापूरचा हिशेब बघा. आपल्याकडं सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत जेमतेम दोन तासांचा फरक. लेहला तो साडेचार तासांच्या वर जातो. शिवाय आपला मे महिन्याचा उन्हाळा आणि ४००० मीटरपेक्षा उंच चांगथांगची, म्हणजे या शेळीच्या लडाखमधल्या पठाराची, थंडी. त्या शेळीला इथं प्रकाशाचा इशाराच अर्धा मिळेल, वर उन्हानं जीव जाईल तो वेगळाच. कितीही पेंड चारली तरी ही उणीव भरून निघणार नाही.

म्हणून माझं स्पष्ट सांगणं आहे : पश्मिना शेळीच्या नावावर पैसे घालू नका. आपली काळीभोर उस्मानाबादी सांभाळा. जुळी देणारी, दुष्काळात तगणारी शेळी आहे ती. आणि आपल्या पशुवैद्यक महाविद्यालयांनी तिच्याही कातडीचे नमुने जून आणि डिसेंबरमध्ये घेऊन तपासावेत, ही माझी जाहीर विनंती आहे. आपल्या उन्हात तिची लव कोणत्या महिन्यात वाढते आणि कोणत्या महिन्यात थांबते, हे शेळी राखणाऱ्याला समजलं पाहिजे.