नाझींची निबंधस्पर्धा
(फोंडा येथे वाचनालयाच्या वार्षिक व्याख्यानमालेत झालेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन आणि संपादन.)

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय 'उजवा अतिरेक : माणूस कट्टर का होतो?' त्या 'का'कडे मी येणारच आहे. पण आधी एक गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही, आणि ती ऐकायला इतकी माणसं एकदम सापडतही नाहीत.

१९३४ साल. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थिओडोर एबल नावाचे समाजशास्त्राचे प्राध्यापक होते, मूळचे पोलंडचे. हिटलर सत्तेवर येऊन दीड वर्ष होत आलं होतं. साधीसुधी जर्मन माणसं त्याच्यामागं का गेली, यावर जो तो आपला तर्क मांडत होता. एबल म्हणाले, त्या माणसांनाच विचारू या. पण परक्या मुलखातल्या प्राध्यापकाला कोण मनातलं सांगणार? म्हणून त्यांनी चक्क निबंधस्पर्धा लावली. विषय, तुम्ही नाझी कसे झालात. अट एकच : १ जानेवारी १९३३ च्या आधीपासून तुम्ही चळवळीत असायला हवं. म्हणजे सत्ता आल्यावर उड्या मारून आत शिरलेले बाद! (हशा) हसताय म्हणजे अशी माणसं तुम्हीही पाहिली आहेत. बक्षिसं सगळी मिळून ४०० मार्कांची. भाषेच्या सफाईला गुण नाहीत, सविस्तर आणि मनमोकळं लिहा, एवढंच मागणं.

आले किती निबंध? ६८३. कामगारांचे, शेतकऱ्यांचे, कारकुनांचे, पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांचे. त्यांतले ५८१ पुढं पीटर मर्क्ल या अभ्यासकानं एकेक करून वाचले, त्यांची मोजदाद केली, आणि १९७५ मध्ये ती प्रसिद्ध केली. ज्यूद्वेष हाच ज्यांच्या लिखाणाचा गाभा होता, असे लोक निघाले सातात एकाच्या आसपास. सगळ्यांत मोठा गट, सुमारे एकतृतीयांश, लिहीत होता ते एकोप्याबद्दल. एका पंगतीला बसलो, एकत्र चाललो, कोणी मला 'तू कुठला, तुझा बाप कोण' असं विचारलं नाही, या जातीचं ते लिखाण.

आता घाई करू नका. 'म्हणजे ते बिचारे द्वेष करणारे नव्हतेच' असा अर्थ कोणी घरी नेला, तर माझं आजचं येणं फुकट गेलं. द्वेष बहुतेक निबंधांत आहे. शिवाय ही माणसं सत्तेतल्या पक्षाच्या डोळ्यांदेखत लिहीत होती, तेव्हा प्रत्येक वाक्य गाळून घ्यायला हवं. मुद्दा एवढाच की द्वेष हे दार नव्हतं. दार होतं सोबतीचं. आत गेल्यावर द्वेष त्या घराची रीत म्हणून अंगवळणी पडला. आणि त्याच पंगतीतून उठून या लोकांनी पुढं काय केलं, काय होऊ दिलं, ते जगाला माहीत आहे.

हे काही फक्त १९३४ चं नाही. अमेरिकेत कॅथलीन ब्ली या समाजशास्त्रज्ञ बाईंनी कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी लढणारी संघटना, नवनाझी अशा गटांतल्या ३४ बायकांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. त्यांना काय आढळलं? यांतल्या कित्येकजणी गटात आल्या त्या कोणा मैत्रिणीमुळं, नातेवाइकामुळं. कडवा वंशद्वेष त्या आत आल्यावर शिकल्या. आपण समजतो, विचार पटतो आणि मग माणूस जातो. घडतं बऱ्याचदा उलटं.

आपल्या गोव्यात हे कळायला जड जाऊ नये. वाड्यावरचा भजनी मेळ घ्या, फुटबॉलचा क्लब घ्या. कोण पखवाजाच्या शास्त्रासाठी येतो? शेजारचा येतो म्हणून हा येतो, आणि मग शास्त्रही शिकतो. मेळ माणसाला काय देतो हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच वाईट मेळाची ताकद आपण ओळखायला हवी.

आणि हा विषय परदेशी आहे, असं तर इथं कोणी म्हणूच नये. १९६१ पर्यंत आपण पोर्तुगालच्या साळाझारच्या हुकूमशाहीत राहिलो. लग्नाची पत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवावी लागे, हे सांगणारी माणसं या सभागृहात बसलेली आहेत. कासिमिरो मोंतेरो हे नाव घेतलं की माझ्या वडिलांच्या पिढीचा आवाज बदलायचा. सत्याग्रहींना झोडपणारा हा पोलीस गोव्यातच जन्मलेला. पुढं साळाझारचे विरोधक जनरल उंबेर्तु देल्गादु यांचा १९६५ मध्ये स्पेनच्या सीमेजवळ खून झाला, त्यात त्याचा हात होता. पोर्तुगालच्या न्यायालयानं त्याला त्याच्या गैरहजेरीत दोषी ठरवलं. त्याच्या क्रौर्याच्या गोष्टी आपण अजून सांगतो. तो तसा झाला कसा, हे मात्र विचारताना मी फारसं कोणाला ऐकलेलं नाही. सरकारी जुलूम आणि रस्त्यावरचा गट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मान्य. पण माणूस तिथं कसा पोचतो, हा प्रश्न दोन्हीकडं आहेच.

आता माझी तक्रार. ती मनापासूनची आहे, तेव्हा जरा वेळ घेईल. सप्टेंबर २००० मध्ये जर्मनीत न्यूरेंबर्ग शहरात रस्त्याकडेला फुलं विकणाऱ्या एका तुर्की वंशाच्या माणसाला गोळ्या घातल्या. मग एक शिंपी, एक भाजीवाला, एक किल्ल्या करून देणारा. २००६ पर्यंत नऊजण गेले, आठ तुर्की वंशाचे आणि एक ग्रीक. बहुतेक पोटापुरता धंदा करणारे. पोलिसांनी संशय कोणावर घेतला? त्यांच्याच घरच्यांवर. अमली पदार्थांचा व्यवहार असेल, भानगड असेल, तुर्की माफिया असेल. नवरा गेलेल्या बाईला वर्षानुवर्षं उलटसुलट प्रश्न. वर्तमानपत्रांनी या खुनांना तुर्की खाद्यपदार्थाचं नाव चिकटवलं, जणू मेलेली ती माणसंच नव्हेत. २००६ च्या मे महिन्यात कासेल शहरात नातेवाइकांनी मोर्चा काढला. फलकावर लिहिलं होतं, 'दहावा बळी नको'. त्यांना कळलं होतं! कोणा विद्यापीठाच्या आधी, गुप्तचरांच्या आधी, त्या घरांना कळलं होतं की हे आपल्या वंशामुळं चाललंय. पुढच्याच वर्षी दहावा खून झाला, एका पोलीस बाईचा. आणि उलगडा कधी झाला? नोव्हेंबर २०११ मध्ये, तोही एका बँक-दरोड्यानंतर दोन नवनाझी गाडीत मेलेले सापडले म्हणून. कट्टरतेचा अभ्यास करणाऱ्यांनी पहिली नोंद ही ठेवावी, असं मला वाटतं : ज्यांच्यावर घाव पडतो, त्यांचं आधी ऐका.

(आयोजकांकडून चिठ्ठी येते.) दहा मिनिटं म्हणतात. जत्रेच्या नाटकाची तालीम आहे, मंडळी व्हरांड्यात येऊन थांबलीत. बरोबर आहे, तालीम बुडता कामा नये. तर मग 'का' भराभर सांगतो.

पहिलं. 'बेकारीमुळं होतं' हे एका वाक्यातलं उत्तर सोडून द्या. युर्गेन फाल्टर या जर्मन अभ्यासकांनी नाझींच्या मतदारांचा बारकाईनं अभ्यास केला. बेकार कामगारांची मतं नाझींपेक्षा कम्युनिस्टांकडं जास्त गेली. नाझींना बळ मिळालं ते प्रॉटेस्टंट भागातल्या छोट्या गावांतून, शेतकऱ्यांकडून, स्वतःचा धंदा असलेल्यांकडून. नोकरी गेलेल्या माणसाइतकीच, किंबहुना जास्त, पायरी घसरण्याची भीती बोलते.

दुसरं. जहाल मत आणि जहाल कृती यांना एकाच माळेत ओवू नका. मॅककॉली आणि मोस्कालेंको हे दोन मानसशास्त्रज्ञ त्यासाठी दोन वेगळे पिरॅमिड मांडतात, एक मतांचा, एक कृतीचा. जहाल बोलणाऱ्यांतले बहुतेक कधी कोणावर हात उचलत नाहीत, आणि हात उचलणाऱ्या कित्येकांना विचारसरणीचं धड चार ओळींचं ज्ञान नसतं. आरी क्रुग्लान्स्की हे आणखी एक मानसशास्त्रज्ञ तीन गोष्टी जोडतात : आपल्याला किंमत असावी ही भूक, ती भागवणारी एक कहाणी, आणि ती कहाणी खरी म्हणणारी माणसं. तिन्ही एकत्र आल्या की धोका.

तिसरं, एकट्यांचं. नॉर्वेत २२ जुलै २०११ ला एका माणसानं ७७ जणांचा जीव घेतला. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला १५ मार्च २०१९ ला दुसऱ्या एकानं मशिदींत ५१ जण मारले. दोघेही खोलीत एकटे होते म्हणतात. पण पडद्यावरची सोबत ही सोबतच असते, आणि ती रात्री दोन वाजताही जागी असते.

चौथं माझ्या स्वतःच्या मताच्या विरोधात जाणारं आहे, पण सांगायलाच हवं. सोबत हेच कारण असेल, तर पोरांना चांगली जागा द्या, काम झालं, असं वाटेल. जर्मनीतल्या त्या दहा खुनांचे मघाचे खुनी येना शहरातले. त्यांची गाठ १९९० नंतरच्या काळात तिथल्या एका युवा केंद्रातच पडली. तेव्हा खोली, कॅरम आणि चहा पुरत नाही. तिथं 'हे चूक आहे' असं तोंडावर सांगणारं आणि तरी दुसऱ्या दिवशी दार उघडं ठेवणारं मोठं माणूस लागतं.

आणि शेवटचं, बाहेर पडण्याबद्दल. जर्मनीत 'एक्झिट' नावाची संस्था २००० सालापासून अशा लोकांना बाहेर काढते. २०११ मध्ये गेरा शहरात उजव्यांच्या रॉक संगीताच्या जलशात या संस्थेनं २५० टी-शर्ट फुकट वाटले. छातीवर कवटी, झेंडे, सगळं त्यांना आवडेल असं. पोरांनी खुशीत नेले. घरी पहिल्या धुण्यात वरचा रंग निघून गेला आणि खालची अक्षरं वर आली : तुझ्या टी-शर्टला जमलं ते तुलाही जमेल, आम्ही मदत करू. (टाळ्या) मला यातली हुशारी आवडते, पण त्याहून महत्त्वाचं ते 'आम्ही मदत करू'. कारण गट सोडणाऱ्याचे मित्र जातात, खोली जाते, कधी जिवावर बेततं. त्याला वादविवादात हरवून भागत नाही. राहायला जागा, करायला काम आणि बोलायला दुसरी माणसं लागतात, आणि हे काम महिनोन् महिने चालतं.

राहिलेले प्रश्न बाहेर चहाच्या वेळी विचारा. तालमीच्या मंडळींनो, या आत. देव बरें करूं.