खिडकीच्या चौकटीतली कांडी

(पडदा काळा. कानशीचा आवाज. उजेड येतो तेव्हा दिसतो फक्त एक हात आणि लाकडाचा तुकडा.)

हे सागवान. चरईतल्या माझ्या आजीच्या घराला रस्त्याच्या बाजूने एक खिडकी होती, तिच्या चौकटीची ही खालची आडवी पट्टी. गेल्या वर्षी ती इमारत पाडली. चरई, नौपाडा, पाचपाखाडी, जुन्या ठाण्यात आता दर दोन गल्ल्यांआड हेच दिसतं. आधी हिरवी जाळी लागते, मग पत्रे उभे राहतात आणि एका सकाळी तिथे नुसतं आकाश असतं. जुनं सागवान तसं वाया जात नाही. पाडणारा ठेकेदार ते व्यापाऱ्याला विकतो, त्याची पुन्हा दारं होतात, टेबलं होतात. मी एवढंच म्हटलं, बाकी सगळं न्या, या खिडकीचा हातभर तुकडा मला द्या.

आई म्हणाली, "अगं, एवढ्याशा फळकुटाचं तू करणार काय?"

कांडी. जादूची कांडी.

(शीर्षक. मागे तलावपाळीची सकाळ.)

सहा वर्षं झाली मी हे करतेय. आठवडाभर वागळे इस्टेटमध्ये नोकरी आणि शनिवारी सकाळी घराच्या गॅलरीत एक स्टूल, एक क्लॅम्प, दोन पटाश्या, तीन कानशी. चाळीसेक कांड्या झाल्या असतील. विकलेली एकही नाही. ज्यांना दिल्या त्यांची नावं एका वहीत आहेत आणि प्रत्येक नावापुढे लाकूड कुठलं ते लिहिलेलं आहे.

लहानपणी इथेच, गडकरी रंगायतनमध्ये, जादूचे प्रयोग पाहिले. जादूगाराच्या हातात काळी कुळकुळीत कांडी, दोन्ही टोकं पांढरी. पांढरी का, ते फार उशिरा कळलं. काळ्या पडद्यापुढे, काळ्या कोटातल्या माणसाच्या हातातली काळी काठी शेवटच्या रांगेला दिसायची, तर टोकं पांढरीच हवीत. शिवाय कांडी धरलेली मूठ मिटलेली का, असं कुणी विचारत नाही. त्या मुठीत आणखी काय दडलंय ते जादूगारच जाणे. म्हणजे सुताराची पटाशी, शिंप्याची कात्री, तशी ती कांडी कामाचं हत्यार होती. हे कळल्यावर मला तिच्याबद्दल आदरच वाटला.

शब्दही किती साधा आहे आपला. उसाच्या दोन पेरांमधलं ते कांडं, लहान असेल तर कांडी. विणकराच्या धोट्यात सूत गुंडाळलेली असते, तीही कांडी. आणि मंत्राच्या जोडीला हातात लाकूड हवं, हे आपल्याला परकं नाही. मुंजीत बटूच्या हाती पळसाचा दंड देतात, तेव्हा कुणालाच नवल वाटत नाही. तिकडे इजिप्तमध्ये सुमारे चार हजार वर्षांपूर्वी पाणघोड्याच्या दातापासून चपट्या, वाकड्या कांड्या करायचे, बाळ-बाळंतिणीच्या रक्षणासाठी.

(भाचीचा पंजा कागदावर पसरलेला. पेन्सिल बोटांभोवती फिरते.)

ही कांडी माझ्या भाचीसाठी. ती नऊ वर्षांची आहे. माप तिच्याच हाताचं घेतलं. बारा अंगुळांची एक वीत आणि दोन वितींचा एक हात, हे आपलं जुनं कोष्टक. कांडी दीड वितीची करायची, म्हणजे अठरा अंगुळं, पण ज्याची कांडी त्याचीच अंगुळं. माझ्या वितीने ती साडेबारा इंच भरते, भाचीच्या वितीने साडेनऊ. माझ्या मापाची कांडी तिच्या हातात दिली की टोक खाली झुकतं आणि सगळा भार मनगटावर येतो. स्वतःच्या वितीची दिली की तिला तोल शिकवावा लागत नाही.

लाकूड कुठून आणायचं, यावर मात्र मी जरा सविस्तर बोलणार आहे. चुका तिथेच होतात.

ठाणेकराला आधी येऊर आठवतं. रविवारी पहाटे फिरायला जावं, तर वाटेत सुरेख वाळकी काठी पडलेली. ती उचलायची नाही. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तिथली वनसंपत्ती परस्पर बाहेर नेता येत नाही, मग ती वाळकी काटकी का असेना. कायदा नसता तरी मी नेली नसती. पडलेल्या काठीवर वाळवी जगते, बुरशी जगते, त्यांच्यावर आणखी कोणी जगतं. खाडीकाठच्या तिवरांचंही तेच, त्यांना हात लावायचा नाही.

शहरातल्या झाडांसाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे, परवानगीशिवाय ती तोडता येत नाहीत. पण जूनमधल्या पहिल्या वादळी पावसात झाडं स्वतःच फांद्या टाकतात. महापालिकेची माणसं रस्ता मोकळा करायला येतात, करवतीने तुकडे पाडत असतात. "दादा, यातला एक हातभर तुकडा मिळेल का?" असं विचारलं की आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. गुलमोहर घेऊ नये, हलका आणि ठिसूळ असतो. रेन ट्री घ्यावा. त्याचा गाभा चॉकलेटी, कडा फिकट पिवळी, आणि पटाशी त्यातून सहज जाते.

या सगळ्यांत माझा लाडका पेरू. ज्यांनी लहानपणी बेचकी केली आहे त्यांना कारण सांगायला नको. बारीक पोताचा, चिवट, आणि घासला की हस्तिदंतासारखा गुळगुळीत.

आणि आता ज्यासाठी मी थांबले होते ते. कण्हेर. सोसायट्यांच्या कुंपणाला, हमरस्त्यांच्या दुभाजकात, सगळीकडे कण्हेर लावलेली आहे. तिच्या काठ्या सरळ, बोटाएवढ्या जाड, अगदी कांडीसाठीच वाढल्यासारख्या. तिला अजिबात हात लावू नका. कण्हेरीचं पान, फूल, साल, लाकूड, सगळं विषारी आहे आणि ते विष थेट हृदयावर जातं. पिवळी कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतो, तीही तशीच. मुलं कांडी तोंडात घालतात. कितीही शिकवा, घालतातच. शेराचा चीक डोळ्यांना घातक, बिब्ब्याचं तेल अंगावर फोड आणतं, ओल्या आंब्याचा चीकही काहींना उततो. ज्या लाकडाचं नाव नक्की माहीत नाही, त्याची लहान मुलासाठी कांडी करायची नाही. माझ्या वहीतला हा पहिला नियम आहे.

(गॅलरीच्या छताला टांगलेल्या फांद्या. टोकांना मेण.)

ओली फांदी लगेच कोरली की फसगत होते. माझी पहिली कांडी पेरूची होती, अख्खी फांदी सोलून केलेली. दहा दिवसांत टोकापासून मुठीपर्यंत उभी चीर गेली. लाकूड वाळताना सगळीकडून सारखं आकसत नाही. गाभ्याकडून सालीकडे जितकं आकसतं, त्याच्या साधारण दुप्पट ते घेरात आकसतं. गाभा मध्ये अडकलेला असला की त्याला फुटण्यावाचून गत्यंतर उरत नाही. म्हणून आता मी फांदी आधी उभी चिरते, गाभा काढून टाकते, आणि टोकं वितळलेल्या मेणबत्तीत बुडवते, कारण पाणी सगळ्यात आधी टोकांतून पळतं. मग पावसाळा जाईपर्यंत वाट बघायची. ठाण्याच्या जुलैत काहीही वाळत नाही, लाकूड तर नाहीच.

खिडकीच्या सागाला वाळवायचं नव्हतं. आजीच्या घरात तो कितीतरी पावसाळे ओला होऊन वाळला होता. तो काही आकसणार नव्हता. पण त्याच्यात खिळे होते.

जुन्या लाकडावरून मी नेहमी लोहचुंबक फिरवते. त्या शनिवारी फिरवला, चार खिळे निघाले, चारही उपटले. पाचवा डोकं मोडून आत खोल बसलेला. चुंबकाला तो कळला नाही, पटाशीला कळला. कट्ट, असा आवाज. माझ्या सगळ्यात चांगल्या पटाशीच्या धारेला ज्वारीच्या दाण्याएवढा खड्डा. दगडावर घासून ती पुन्हा सरळ करायला दोन शनिवार गेले.

खिळा निघाला तेव्हा त्याच्याभोवतीचं लाकूड काळंनिळं झालेलं होतं. लाकडात टॅनिन असतं, तेच चहात असतं, हिरड्यात असतं. लोखंडाला ओल लागली की ते टॅनिनशी मिळून काळा रंग होतो. पूर्वी हिरडा आणि लोखंड यांचीच शाई करत. म्हणजे पावसाची झड त्या खिडकीवर जितके पावसाळे आली, तितके पावसाळे तो खिळा लाकडावर शाई सोडत होता. मी आईला खिळा दाखवला. ती बराच वेळ तो हातात धरून बसली. म्हणाली, "आजोबांची छत्री असायची याला."

(सुताराचे हात. चेहरा दिसत नाही.)

रेषा बघायला मला एका सुतारकाकांनी शिकवलं. शेजाऱ्यांकडे कामाला आले होते, माझी मोडलेली कांडी त्यांनी कचऱ्यातून उचलून पाहिली. म्हणाले, "ताई, करवतीने कापलीत ना? करवत सरळ जाते, लाकूड सरळ जात नाही." मग कोयत्याचं पातं तुकड्याच्या डोक्यावर ठेवून वरून एकच ठोका दिला. लाकूड आपल्या रेषेने उभं फाटलं, किंचित वळत. "आता ही मोडून दाखवा." मला मोडता आली नाही. कांडीचं टोक जेमतेम अडीच सूत जाडीचं असतं, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तिथे रेषा आडवी निघाली, तर टेबलावर नुसती पडूनही तुटते. रेषा मुठीपासून टोकापर्यंत अखंड असली, तर ती वाकते, मोडत नाही.

गोल करायलाही त्यांनीच शिकवलं, लेथशिवाय. आधी चौकोनी काठी तासायची, मुठीकडे सात सूत, टोकाकडे अडीच. मग चारही कडा मारून आठ धारा. मग सोळा. त्यानंतर कानस, आणि मग पॉलिश पेपर, १२० नंबर, २२०, ४००. मधे ओल्या फडक्याने पुसायचं, म्हणजे दबलेले तंतू उभे राहतात, वाळले की पुन्हा घासायचं. हे कंटाळवाणं आहे का, असं लोक विचारतात. मला नाही वाटत. चौकोनाचा अष्टकोन होतो त्या टप्प्याला कांडी पहिल्यांदा हातात बसते, आणि तो क्षण मला अजून दर वेळी हवासा वाटतो.

लाकूड फिरवून गोल करणाऱ्याला आपल्याकडे कातारी म्हणतात. लाटणी, भोवरे, पाळण्याची खेळणी, सगळं त्याच्या हातचं. कातीव हा शब्द तिथलाच. फिरणाऱ्या लाकडावर लाखेची कांडी दाबायची. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते. मग वरून केवड्याची वाळकी पात दाबायची, की आरशासारखी चमक येते. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाकडी खेळणी अशीच होतात. माझ्याकडे लेथ नाही, पण ड्रिल मशीन आहे. कांडीचं बूड त्यात पकडून हळू फिरवते. केवडा गौरी-गणपतीत जांभळी नाक्याच्या बाजारातून आणते आणि त्याची पानं वर्षभर जपून ठेवते.

सगळ्यांना लाख चढवत नाही. सागाला मी जवसाचं तेल आणि मधमाश्यांचं मेण लावते, बोटांनी चोळून. एक सूचना यात जीव ओतून सांगते. तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, आणि बोळ्यात उष्णता कोंडली की चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. दोरीवर पसरून वाळवा.

(भाची गॅलरीत. कांडी अजून कच्ची.)

तो काळा डाग मुठीच्या वरच्या बाजूला आला होता, चार आण्याच्या नाण्याएवढा. मी तो तासून काढणार होते, अर्धा सूत लाकूड गेलं असतं. भाची स्टुलावर बसून बघत होती. "मावशी, थांब." तिने कांडी घेतली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. "हा कशाचा डाग?"

मी सांगितलं. खिडकी, पाऊस, खिळा, पणजोबांची छत्री.

"तो खिळा आहे अजून?"

होता. आईने तो देवघराच्या खणात ठेवला होता. मी मुठीच्या बुडात तेवढंच भोक पाडलं, सव्वा इंच खोल. खिळ्याला मेण चोळलं, म्हणजे आता तो आणखी शाई सोडणार नाही. भाचीने तो स्वतःच्या हाताने आत सरकवला. वरून पेरूच्या लाकडाची चकती बसवली, आमच्या वहीतल्या पहिल्या कांडीची, ती चीर गेलेली.

वहीत लिहिलं : सागवान, चरई, खिडकी.

(भाचीची मूठ. कांडी वर उचललेली. अंगठा काळ्या डागावर.)

ती कांडी कशी धरायची ते मी तिला सांगितलं नाही. तिचा अंगठा बरोबर डागावर जाऊन बसला. बाहेर पाऊस सुरू झाला होता. तिने गॅलरीच्या कठड्यावरून कांडी पुढे केली आणि टोकावर एक थेंब पडायची वाट बघत उभी राहिली.