स्टोनहेंज, रस्ता आणि मधली मोकळी जमीन

नमस्कार, श्रोतेहो.

लंडनहून इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागाकडे जाणारा ए-३०३ हा रस्ता विल्टशायर परगण्यातील एम्सबरी गाव मागे टाकून एका टेकाडाच्या माथ्यावर येतो, आणि उजव्या हाताला, उघड्या माळावर, स्टोनहेंजचे उभे दगड दिसू लागतात. रस्ता आणि दगड यांत अंतर आहे जेमतेम १६५ मीटर. त्याआधी चौपदरी असलेला हा रस्ता नेमका येथेच दुपदरी होतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गाड्यांच्या रांगा लागतात. रांगेत अडकलेली मंडळी तेवढ्या वेळात काचेतून दगड पाहून घेतात, तेही बिनतिकीट. या रस्त्याचे काय करावे, हा वाद तीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. आजच्या भाषणात त्याविषयी बोलायचे आहे, कारण प्रागैतिहासिक स्थळाचे रक्षण म्हणजे नेमके कशाचे रक्षण, हा प्रश्न या वादाइतका उघडपणे क्वचितच विचारला गेला असेल.

स्टोनहेंजचा वर्तुळाकार खंदक आणि बांध इसवी सनापूर्वी सुमारे ३००० या काळातला, तर मधले प्रचंड दगड त्यानंतर सुमारे पाचशे वर्षांनी उभे केलेले. त्यांतले मोठे दगड पंचवीसेक किलोमीटरवरून आणलेले आहेत. लहान निळसर दगड वेल्समधील प्रेसेली डोंगरातून, म्हणजे दोनशे किलोमीटरहून अधिक अंतरावरून आले. रचनेचा अक्ष असा धरला आहे की वर्षातील सर्वांत मोठ्या दिवशी सूर्योदय आणि सर्वांत लहान दिवशी सूर्यास्त त्या रेषेवर यावा. आज त्या सूर्यास्ताच्या दिशेला पाहिले, तर मध्ये ट्रक आणि मोटारी आडव्या जाताना दिसतात.

हे ऐकल्यावर कोणीही म्हणेल की रस्ता जमिनीखालून न्यावा. ब्रिटिश सरकारनेही तेच म्हटले. आधीची एक बोगद्याची योजना खर्च वाढल्यामुळे २००७ मध्ये सोडून दिली होती. २०१४ मध्ये ती नव्या रूपात पुढे आली. दगडांच्या दक्षिणेकडून सुमारे ३.३ किलोमीटर लांबीचा बोगदा काढायचा, रस्ता चौपदरी करायचा आणि माळ पुन्हा शांत करायचा, असा तो बेत होता. वरवर पाहता यात स्थळाला धोका कोठे आहे, असे वाटेल. धोका बोगद्यात नव्हता, बोगद्याच्या तोंडांत होता. युनेस्कोने १९८६ मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदवलेले क्षेत्र या रस्त्याच्या रेषेत पाच किलोमीटरहून अधिक रुंद आहे. बोगदा त्याहून आखूड, म्हणजे त्याची दोन्ही तोंडे संरक्षित क्षेत्राच्या आतच उघडणार होती, आणि पश्चिमेकडे तर सुमारे एक किलोमीटर लांबीचा खोल खोदीव मार्ग त्याच क्षेत्रातून चुनखडीच्या थरांत कापला जाणार होता. दगड सुरक्षित राहिले असते. त्यांच्या भोवतालची पाच-सहा हजार वर्षांची जमीन मात्र खणली गेली असती.

भोवतालच्या जमिनीत असे काय आहे? जवळजवळ तीन किलोमीटर लांबीचे, स्टोनहेंजहूनही जुने असे ‘कर्सस’ नावाचे मातीच्या बांधांचे आवार आहे. टेकाडांच्या कडांवर दफनाचे शेकडो उंचवटे आहेत, आणि ते ज्या कडांवर रचले आहेत त्या कडांवरून ते एकमेकांना आणि दगडांना दिसावेत, अशीच त्यांची मांडणी दिसते. दगडांपासून एव्हन नदीपर्यंत जाणारा बांधांचा मार्ग आहे. यातले एकेक वेगळे मोजून उरलेली जागा ‘रिकामी’ ठरवणे म्हणजे देवळाचा गाभारा राखून दीपमाळ, तळे आणि पालखीची वाट विकून टाकण्यासारखे आहे.

एक उदाहरण जरा जवळून पाहू. १९६६ मध्ये स्टोनहेंजचा वाहनतळ वाढवताना मोठ्या खांबांचे खळगे सापडले. त्यांत पाइनचे खांब उभे होते आणि त्यांचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे आठ हजार, म्हणजे दगडांपेक्षा पाच हजारांहून अधिक वर्षे आधीचा निघाला. पुढे कित्येक वर्षे त्या खळग्यांची खूण म्हणजे डांबरावर रंगवलेले पांढरे गोल, एवढीच होती, आणि त्यांवर गाड्या उभ्या राहात. लोकांनी शेती करण्याच्याही आधी याच माळावर कोणी तरी, काही तरी उभारले होते, हे ज्या खुणेवरून कळते, ती खूण वाहनतळाखाली निघाली, आणि ती निघाली तीही वाहनतळ वाढवताना.

बोगद्याच्या पूर्वेकडे, एम्सबरीजवळ, ब्लिक मीड नावाचा झरा आहे. तेथे २००५ पासून डेव्हिड जॅक्स यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या उत्खननात मध्याश्म काळातील, म्हणजे शेतीपूर्वीच्या, गारगोटीची हजारो हत्यारे आणि रानबैलांची हाडे मिळाली. ती टिकली, याचे कारण पाणथळ माती. रस्त्याच्या बांधकामाने भूजलाची पातळी खाली गेली तर तेथे कुदळही न लावता हाडे नष्ट होतील, अशी जॅक्स यांची भीती होती. अभियंत्यांना ती मान्य नव्हती. मला मात्र हा मुद्दा साऱ्या वादात सर्वांत गंभीर वाटतो, कारण नकाशावर रस्ता त्या जागेला स्पर्शही करत नव्हता.

निर्णयाची कथा आपल्या श्रोत्यांना फारशी परकी वाटणार नाही. सुनावणी घेणाऱ्या तज्ज्ञ निरीक्षकांनी, या कामाने कायमची आणि भरून न येणारी हानी होईल, असे सांगून परवानगी नाकारण्याची शिफारस केली; परिवहनमंत्री ग्रँट शॅप्स यांनी नोव्हेंबर २०२० मध्ये ती बाजूला ठेवून परवानगी दिली. आंदोलकांनी वर्गणी काढून उच्च न्यायालय गाठले. जुलै २०२१ मध्ये न्यायालयाने परवानगी रद्द केली. अधिक लांब बोगदा किंवा पश्चिमेकडील खोदीव मार्गावर छत, असे पर्याय मंत्र्यांनी नीट तपासलेच नाहीत, हे त्याचे एक कारण होते. २०२३ मध्ये सरकारने परवानगी पुन्हा दिली, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने या वेळी आंदोलकांचे म्हणणे फेटाळले.

यात एक बाजू शहाणी आणि दुसरी अडाणी, असे मुळीच नव्हते. स्मारकाची व्यवस्था पाहणारी इंग्लिश हेरिटेज आणि भोवतालची बरीच जमीन ज्यांच्या मालकीची आहे तो नॅशनल ट्रस्ट, या दोन्ही संस्था बोगद्याच्या बाजूने होत्या. दगडांजवळची रहदारी हटायला हवी, हा त्यांचा आग्रह खोटा नव्हता, आणि तो कसा फळतो याचा दाखलाही होता: दगडांना जवळजवळ खेटून जाणारा ए-३४४ हा दुसरा रस्ता २०१३ मध्ये बंद करून त्यावर गवत लावले गेले, तेव्हा त्याने तोडलेला नदीकडचा प्राचीन मार्ग पुन्हा सलग झाला. त्याही आधी, पहिल्या महायुद्धात दगडांशेजारी लष्करी विमानतळ उभा राहिला होता; १९२७ मध्ये लोकांकडून देणग्या जमवून ती जमीन विकत घेतली गेली आणि इमारती हटवल्या. १९१५ मध्ये सेसिल चब यांनी दगड लिलावात ६,६०० पौंडांना घेतले आणि तीन वर्षांनी राष्ट्राला दिले, ही गोष्ट सगळे सांगतात. जमिनीसाठी वर्गणी देणारी माणसे त्या गोष्टीत येत नाहीत, आणि त्यांचे काम माझ्या मते चब यांच्याहून मोठे होते.

अखेर जुलै २०२४ मध्ये नव्या सरकारच्या अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी योजना रद्द केली. कारण होते पैसा. रस्ता तेथेच राहिला.

आता आपल्या कोकणाकडे येऊ. रत्नागिरी जिल्ह्यातील उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यात कुशावतीच्या काठचे एक, अशी कातळशिल्पांची नऊ ठिकाणे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या आकृत्या कोरल्या आहेत. ही चित्रे जांभ्याच्या उघड्या सड्यावर, म्हणजे सपाट कातळी पठारावर आहेत, जेथे झाड नाही, शेत नाही आणि रस्ता आखणाऱ्याला अडवणारे काहीच दिसत नाही अशा जागी. राष्ट्रीय संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढचे दोनशे मीटर नियंत्रण, असा आपला कायदा आहे. पण तो लागू होण्यासाठी आधी स्मारक संरक्षित म्हणून जाहीर व्हावे लागते, आणि सड्यावरच्या कित्येक जागा खाजगी मालकीच्या आहेत. उक्षीच्या गावकऱ्यांनी तिथल्या हत्तीच्या चित्राभोवती कठडा बांधला, त्याचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण कठडा एका चित्राला पुरतो, सड्याला पुरत नाही.

यातली बरीच चित्रे मातीच्या पातळ थराखाली आणि गवताखाली झाकलेली होती, आणि ती शोधणाऱ्यांना त्यांचा पत्ता लागला तो गुरे चारणाऱ्यांना आणि गावातल्या जुन्या माणसांना विचारून. म्हणून सड्यावरून जाणाऱ्या कोणत्याही रस्त्याची आखणी कागदावर पक्की होण्यापूर्वी मोजणीदाराच्या बरोबर पुरातत्त्वाचा जाणकार आणि तेथे गुरे नेणारा गावकरी, अशा दोघांनी ती सारी रेषा चालून पाहिली पाहिजे, आणि तीही गवत वाळून कातळ उघडा पडल्यावर, मार्च ते मे या महिन्यांत.

नमस्कार.