पपईची खाच, रताळ्याचा खिसा

(ठाण्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

येताना जांभळी नाक्याच्या बाजारातून मी एक कच्ची पपई आणि एक रताळे घेऊन आलो आहे. वनस्पतींमधली विकरे, म्हणजे एन्झाइम, नेमक्या कोणत्या पदार्थावर काम करायचे हे कशी ठरवतात, हा आजचा विषय फळ्यावरच्या आकृतीपेक्षा या दोन वस्तूंमधून लवकर उलगडेल.

रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये विकर आणि त्याच्या पदार्थाला कुलूप-किल्लीची उपमा दिली, तेव्हा त्यांच्यासमोरच्या विकरांपैकी एक कडू बदामातले इमल्सिन होते. ते बीटा-ग्लुकोसाइड, म्हणजे ग्लुकोजला दुसरा रेणू जोडलेले एक संयुग, तोडत असे. तेवढ्याच अणूंचे, फक्त एक बंध वेगळ्या दिशेला असलेले अल्फा-ग्लुकोसाइड त्याला चालत नसे. उपमा आजही उपयोगी आहे, मात्र तिच्यामुळे आपण कुलपात काय बसते एवढेच पाहतो आणि काय अडवले जाते ते पाहायचे राहून जाते.

पपईच्या सालीवर नखाने ओरखडा काढला की हा पांढरा चीक झरू लागतो. मटणाला कच्च्या पपईचा कीस चोळतात तो यातल्या पपेन या प्रथिने तोडणाऱ्या विकरासाठी. पपेन ही २१२ अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनांच्या घटक-कड्यांची, साखळी. तिची घडी पडून दोन गोळे होतात आणि त्यांच्यामध्ये एक खाच राहते. खाचेच्या एका काठावर २५व्या जागी सिस्टीन आणि समोरच्या काठावर १५९व्या जागी हिस्टिडीन असून, प्रथिनाचा बंध ही जोडी तोडते. शेख्टर आणि बर्गर यांनी १९६७ मध्ये निरनिराळ्या लांबीचे पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, वापरून दाखवले की या खाचेत सात अमिनो आम्लांपुरते कप्पे आहेत. त्यांपैकी तोडीच्या लगतचा पहिला कप्पा फारसा चोखंदळ नसतो. खरी निवड त्याच्या पलीकडच्या दुसऱ्या कप्प्यात होते, कारण तेथे फेनिलअ‍ॅलनिनसारखे मोठे, पाण्याला टाळणारे आम्ल चांगले बसते.

याच चिकात पपेनचे एक भावंड आहे, ग्लायसिल एन्डोपेप्टिडेज. घडी तशीच, तोडणारी जोडीही तीच. परंतु पपेनमध्ये २३व्या आणि ६५व्या जागी जे चिमुकले ग्लायसीन आहे, त्याऐवजी येथे ग्लुटामेट आणि आर्जिनिन आहेत, आणि त्यांचे लांब हात पहिल्या कप्प्याच्या तोंडावर आडवे पडलेले असतात. परिणामी ज्याला बाजूची शाखाच नाही असे ग्लायसीन तेवढे आत शिरते आणि हे विकर जवळजवळ केवळ ग्लायसीननंतरच तोडते. असलेली जागा बुजवून कमावलेला हा चोखंदळपणा मला फार देखणा वाटतो.

आता रताळे. मोड आलेल्या धान्यातले अल्फा-अमायलेज आणि रताळ्यातले बीटा-अमायलेज स्टार्चमधला एकाच प्रकारचा बंध तोडतात. अल्फा-अमायलेजची खाच दोन्ही बाजूंनी उघडी असल्यामुळे साखळी तिच्यात कोठेही आडवी पडू शकते आणि मधूनच तुटते. बीटा-अमायलेजला खाच नाही, खोल खिसा आहे. साखळीचे टोक आत जाते, तोडीच्या जागेपलीकडे ग्लुकोजच्या दोनच कड्यांपुरती जागा उरते, वर एक लवचीक घडी झाकणासारखी मिटते, आणि दर वेळी दोन कड्यांची गोड साखर, माल्टोज, सुटते. साखळीला फांदी फुटली असेल तेथे मात्र काम थांबते, कारण फांदी खिशात मावत नाही.

उपासाचे रताळे मंद आचेवर भाजले तर जास्त गोड लागते, त्याचे एक मोठे कारण हेच. आच हळूहळू चढत असताना स्टार्च फुगून मोकळा होतो आणि तेव्हा विकराची घडी अजून शाबूत असते. मायक्रोवेव्हमध्ये तापमान इतक्या झपाट्याने वाढते की पुरेसे माल्टोज तयार होण्याआधीच ती घडी उलगडते आणि तिच्याबरोबर खिसाही नाहीसा होतो.